लाल डाग सगळे सारखे नसतात

गोव्यात डिचोलीत काय, पेडण्यात काय, बाळाच्या गालावर मोठा लाल डाग दिसला की घरात ग्रहणाची तारीख शोधली जाते आणि बोल लागतो आईला. तिचा यात काडीचाही दोष नाही. बिघाड रक्तवाहिन्यांच्या घडणीतला आहे. तो कुठल्या प्रकारचा, हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही.

जन्मताना पुसट असलेला डाग काही आठवड्यांत फुगून वर आला, तर तो बहुधा हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. वर्षा-दोन वर्षांनी तो ओसरू लागतो, म्हणून लोक सांगतात, थांबा. लहानशा डागाला ते ठीक. पण डाग मोठा असेल, डोळ्याजवळ किंवा ओठावर असेल, तर थांबू नका. बहुतेक वाढ पाचव्या महिन्याच्या आत होऊन जाते. दाखवायचं ते पहिल्याच महिन्यात.

यावर औषध आहे प्रोप्रॅनोलॉल, मुळात हृदयविकार आणि रक्तदाबाचं. फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी हृदयाच्या त्रासासाठी ते एका बाळाला दिलं आणि नाकावरचा हिमॅन्जिओमा मऊ पडू लागला. २००८ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. आधी बाळाचं हृदय तपासतात. मग घरी, दूध पिऊन झालं की, बिनसुईच्या सिरिंजने मोजलेलं औषध गालाच्या आतून हळूहळू सोडायचं. बाळ दूध घेत नसेल तर तो डोस देऊ नका, डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते.

दुसरा डाग पोर्ट-वाइन स्टेन. जन्मापासून सपाट, गुलाबी-जांभळा. हा आपोआप जात नाही, वयाबरोबर गडद होतो. याला लागतो पल्स्ड डाय लेझर. ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि तापलेली वाहिनी मिटते. चटका ताणलेलं रबर सुटल्यासारखा. नंतर आठवडा-दीड आठवडा जागा काळीनिळी दिसते. घाबरू नका, ते अपेक्षितच असतं. खेपा बऱ्याच होतात, डाग फिकटतो. पूर्ण पुसून देतो म्हणणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. सावळ्या त्वचेवर लेझरची मात्रा बेतानेच हवी, आणि आपल्याकडच्या उन्हापासून ती जागा जपायला हवी.

हाच डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल तर फिट्स आणि काचबिंदूची शक्यता तपासून घ्यावीच लागते.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाताना मोबाइलमध्ये आठवड्याला एक, त्याच उजेडात काढलेला फोटो असू द्या. डाग वाढतोय की नाही, हे डॉक्टरांना त्यावरून चटकन कळतं.