खालच्या मजल्यावरचा कॉलम

हा आवाज मुंबईत कोणाला नवीन नाही. सकाळी दहा वाजले की कुठल्यातरी मजल्यावर काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू होतो, वरच्या घरात डब्यांची झाकणं थरथरतात, आणि विचारायला गेलं की मुकादम म्हणतो, काही नाही काकू, आतलंच काम आहे.

२५ जुलै २०१७, घाटकोपरचं दामोदर पार्क. सिद्धी साई ही चार मजली इमारत सकाळी कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं, तिथे काम काढलं होतं आणि त्यात कॉलमला, म्हणजे इमारत पेलणाऱ्या खांबाला, हात लावला असा आरोप झाला. त्याच्या चार वर्षं आधी, २७ सप्टेंबर २०१३ ला पहाटे, डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली, ६१ जण गेले. ही तर महापालिकेचीच इमारत, वर पालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं आणि खाली भाड्याने दिलेलं गोडाऊन, त्या गोडाऊनमध्येही परवानगीशिवाय फेरफार केल्याचा आरोप होता. दोन्ही ठिकाणी वरचे लोक आपापल्या घरात होते, एवढंच.

हा बघा कॉलम. साध्या भिंतीचं प्लास्टर खरवडलं की विटा लागतात, इथे काँक्रीट लागतं आणि आत उभ्या जाड सळ्या, त्यांच्याभोवती बारीक रिंगा. वरच्या सगळ्या घरांचं वजन ह्यातून खाली उतरतं. हॉल मोठा दिसावा म्हणून हा कोपरा तासायचा, कशासाठी?

नियम सोपा आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ३४२ सांगतं की प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ, पाईप, वायरिंग, छप्पर त्याच मटेरियलने बदलणं ह्याला पालिकेची परवानगी लागत नाही. म्हणजे रोजच्या गरजेचं बहुतेक सगळं मोकळं आहे. पण बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलली, वजन पेलणारी भिंत किंवा कॉलम काढला, जमीन खाली खोदली, पोटमाळा टाकला की ती दुरुस्ती राहत नाही, तिथे रीतसर परवानगी हवीच, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने बरं म्हटलं म्हणून ती मिळत नाही.

आणि बोलायचं कोणी? वरच्या घरात बऱ्याचदा भाडेकरू असतो, तो गप्प बसतो, कारण खालचा गाळाही त्याच मालकाचा, उद्या घर खाली कर म्हणाला तर. इथे भाड्याचं ॲग्रीमेंट कामाला येतं. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करार असला तरी तो रजिस्टर करावाच लागतो, ती जबाबदारी घरमालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं, खोटं सिद्ध होईपर्यंत. हे भाडेकरूंना कोणी सांगतच नाही, ह्याचं फार वाईट वाटतं.

ब्रेकर कॉलमवर चालतोय अशी शंका आली तर पालिकेच्या १९१६ ह्या नंबरला फोन लावा, नाहीतर वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागात लेखी तक्रार द्या, फोटो जोडा, पोच घ्या. त्याच पालिका कायद्याच्या कलम ३५४अ खाली पालिका काम थांबवायची नोटीस देऊ शकते, मग काम करणाऱ्याला २४ तासांत परवानगीचा कागद दाखवावा लागतो.