स्वस्तातला गेमिंग पीसी : हिशेब मॉनिटरपासून

नमस्कार. आज समोर मुलंही आहेत आणि पालकही. मुलं विचारतात, “प्रोसेसर कुठला घेऊ?” पालक विचारतात, “कितीला पडेल?” मी दोघांना आधी एकच विचारतो, मॉनिटर कुठला घेणार?

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा मॉनिटर असेल तर एक चित्र तयार करायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला सातसुद्धा नाहीत. फोर-के घेतलात की ठिपके थेट चौपट. म्हणून बजेट आखडतं असेल तर फुल एचडीवरच थांबा, त्यात काही कमीपणा नाही.

आता प्रत्येक चित्रामागे दोघांचं काम असतं. शत्रू कुठे पोचला, गोळी कुणाला लागली, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काढायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगतो. कार्ड ते ठिपके रंगवतं. दोघांत जो मागे पडेल, त्याच्या वेगाने गेम चालतो. तुमच्याकडे कोण मागे पडतंय ते घरीच तपासता येतं : गेममधलं रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, कमी करा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, वाढले तर कार्ड दमत होतं. जागचे हलले नाहीत, तर बहुतेक प्रोसेसर.

“कार्डाशिवाय भागेल का?” हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारणाऱ्या मुलाला घरची परिस्थिती ठाऊक असते. भागतं. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे. मात्र त्याला स्वतःची मेमरी नाही, ते मशिनच्या रॅममधूनच, म्हणजे कामापुरत्या मेमरीतूनच, वाटा घेतं. डीडीआर४ ३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती पुरवते, दोन पट्ट्या ५१.२. आरएक्स ६६०० सारख्या कार्डावरची मेमरी २२४ पुरवते. खरा फरक इथे पडतो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. हलके गेम आरामात चालतील, आणि पैसे साठले की याच मशिनमध्ये कार्ड बसेल.

पालकांनो, एसएमपीएसवर, म्हणजे मशिनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काटकसर करू नका. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा तर नकोच. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, रायझन ५ ५६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, तेव्हा चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा पुरून उरतो. ‘८० प्लस’चा शिक्का किती वीज वाया जाते एवढंच सांगतो, आतली संरक्षणं कशी आहेत ते नाही. वॉरंटी किती वर्षांची, तेही विचारा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे पुढे जाळी असलेलं कॅबिनेट बरं. जुन्या नाशकात, पंचवटीत वाड्यात राहत असाल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट दिसतो म्हणून मागे अर्थिंगची वायर जोडलेली असतेच असं नाही.

जोडणीला घाबरू नका. या रायझन प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, मदरबोर्डवरच्या (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच्या) त्याच्या सॉकेटवरही तशीच खूण असते. लिव्हर पूर्ण उचला, खुणा जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनानेच बसतो. दाबावं लागतंय असं वाटलं तर थांबा, खालच्या पिना नाजूक असतात. पुढे कधी प्रोसेसरवरचा कूलर काढायचा झाला तर मशिन थोडा वेळ चालवून दोघांमधली पेस्ट गरम होऊ द्या, मग मशिन बंद करा, वायर काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड असताना सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येऊ शकतो.

मशिन सुरू झालं की तीन गोष्टी बघा. कार्ड असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डात नको, कार्डातच हवी. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडा, कारण तिथे बऱ्याचदा ६० च असतो.