दहा फेब्रुवारी ते दहा मार्च

(दृश्य: सकाळ. गणेशखिंडीचा रस्ता. पीएमपीची बस विद्यापीठाच्या फाटकापाशी थांबते. पाठीवर पिशव्या घेतलेली मुलं उतरतात.)

पुण्यातली थंडी फेब्रुवारीत पहाटेपुरतीच उरते. नऊ वाजले की ऊन टोचायला लागतं. काटेसावरीला लाल फुलं आलेली असतात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रस्त्यांवर वाळक्या पानांचा सडा पडलेला असतो. झाडणाऱ्या मावशी एक ढीग उचलतात, तोवर मागे दुसरा पडतो.

या फाटकावरून रोज हजारो लोक जातात, औंधला, बाणेरला, हिंजवडीला. त्यातल्या कितीतरी पुणेकरांनी आत कधी पाऊल टाकलेलं नाही. विचारलं की म्हणतात, “आमचं काय काम तिथं? आम्ही थोडेच विद्यार्थी आहोत!”

ही चित्रफीत त्यांच्यासाठी आहे. कारण आता एक महिना असा येतोय, दहा फेब्रुवारी ते दहा मार्च, की तुम्हाला आत जायला वीस निमित्तं मिळतील.

(दृश्य: मुख्य इमारत. मनोरा. हिरवळ.)

सुरुवात दहा फेब्रुवारीला. विद्यापीठाचा वर्धापनदिन. १९४९ साली याच तारखेला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निझाम गेस्ट हाऊसमधून चालला. मग १ जून १९४९ पासून विद्यापीठ या दगडी वाड्यात आलं. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या प्रयत्नांनी विद्यापीठाला ४११ एकर जागा मिळाली. शहरात एवढा हिरवा तुकडा आज उरलाय, तो त्या निर्णयामुळे.

वर्धापनदिनाला जीवनसाधना गौरव पुरस्कार दिले जातात, भाषणं होतात. पण मला सांगायचंय ते या इमारतीबद्दल. अलीकडच्या वर्षांत या दिवसाच्या सुमारास ती लोकांना आतून बघता यावी, अशी व्यवस्था होत आली आहे. तशी सूचना निघाली की घरच्या सगळ्यांना घेऊन या. आजोबांना तर नक्की.

कारण ही इमारत शिकण्यासाठी बांधलेली नव्हती. हा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा बंगला. १८६४ मध्ये काम सुरू झालं, १८७१ मध्ये पुरं झालं. पावसाळ्यात लाटसाहेब मुंबई सोडून पुण्याला यायचे, त्यांच्यासाठी एवढा थाट. मेजवानीचं दालन, नाचाचं दालन, नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून खालून काढलेलं भुयार. वरती झुंबरं आणि खाली अंधारातून ताटं वाहणारी आपली माणसं.

(दृश्य: जुना नकाशा. गणेशखिंडीचा रस्ता, रात्र.)

आणि मग १८९७ चा जून महिना. पुण्यात प्लेगने घरंच्या घरं रिकामी केली होती. प्लेग कमिशनर रँड याने गोऱ्या सोजिरांकरवी घराघरांची झडती घेतली होती. देवघरात बूट गेले होते, बायकामाणसांची विटंबना झाली होती. अशा त्या गावाच्या उशाशी, २२ जूनच्या रात्री, या बंगल्यात राणीच्या राज्याची साठ वर्षं साजरी होत होती. रोषणाई होती, मेजवानी होती. समारंभ संपवून रँड बग्गीतून परत निघाला आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. त्या रात्री मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला गेला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, तिघेही सख्खे भाऊ फासावर गेले.

तुम्ही ज्या रस्त्याने बसमधून येता, तोच हा रस्ता.

म्हणून दहा फेब्रुवारीला या इमारतीच्या पायऱ्यांवर जुन्नरच्या, सिन्नरच्या, संगमनेरच्या महाविद्यालयांतली मुलं बसलेली दिसली की मला थांबून बघावंसं वाटतं. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर, तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयं या विद्यापीठाला जोडलेली आहेत. कुणी पहिल्यांदाच पुण्याला आलेलं असतं. मनोऱ्याकडे पाठ करून मोबाइलवर फोटो काढतात आणि घरी पाठवतात. तो फोटो बघून आई काय म्हणत असेल?

(दृश्य: जयकर ग्रंथालय. अभ्यासिकेत वाकलेली डोकी. रिफेक्टरीबाहेरची रांग.)

या महिन्यातली सगळीच गडबड मंचावरची नसते. परीक्षा तोंडावर असतात. जयकर ग्रंथालयात जागा धरण्यासाठी सकाळीच पिशवी ठेवून यावं लागतं. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं दिवसातले काही तास काम करतात, बागेत, कार्यालयात, ग्रंथालयात. त्या पैशांत त्यांची खानावळ भागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात लावलेलं हे रोप. एखादा कार्यक्रम रंगला की टाळ्या वक्त्याला मिळतात. तेव्हा जरा मागे वळून बघा, शेवटच्या रांगेमागे ही मुलं उभी असतील.

(दृश्य: संध्याकाळ. ललित कला केंद्र. तबल्याचा आवाज, घुंगरांचा आवाज, कुणीतरी संवाद पाठ करतंय.)

संध्याकाळी पाय आपोआप वळतात ते ललित कला केंद्राकडे. १९८७ साली सुरू झालेला हा विभाग नाटक, संगीत आणि नृत्य गुरुकुल पद्धतीने शिकवतो. नाटककार सतीश आळेकरांनी तो बरीच वर्षं सांभाळला. इथं अंगणमंच आहे, नावाप्रमाणेच अंगणातला मंच. वर आभाळ, बाजूला झाडं. वर्षाच्या या शेवटच्या टप्प्यावर मुलांचे प्रयोग आणि सादरीकरणं एकामागून एक लागतात. प्रयोग ऐन रंगात असताना वरच्या फांदीवरून एखादा पक्षी ओरडतो आणि नटाला ती शांतता धरून ठेवावी लागते. बंदिस्त नाट्यगृहात हे शिकायला मिळत नाही. आज इथं दिवे लावणारा मुलगा उद्या भरत नाट्य मंदिरात किंवा मुंबईच्या रंगमंचावर दिसेल. त्याचं पहिलं काम तुम्ही बघितलेलं असेल.

(दृश्य: मराठी विभागाचा फळा. खडूने लिहिलेली तारीख: २७ फेब्रुवारी.)

सत्तावीस फेब्रुवारी. वि. वा. शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपला मराठी भाषा गौरव दिन. तात्यासाहेब १९१२ साली जन्मले पुण्यात आणि आयुष्य काढलं नाशिकला. दोन्ही गावं याच विद्यापीठाच्या क्षेत्रातली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून या दिवसाला वेगळा हुरूप आला आहे. काव्यवाचन होतं, ग्रंथप्रदर्शन लागतं, परिसंवाद होतात. माझी एक मनापासूनची इच्छा आहे. या दिवशी विज्ञान विभागातल्या मुलांनीही मराठीत बोलावं. आपण प्रयोगशाळेत काय करतो, ते आपल्या आत्याला समजेल असं सांगावं.

हे अशक्य नाही. ते करून दाखवणारा माणूस याच आवारात राहून गेला.

(दृश्य: आयुकाचं प्रवेशद्वार. काळ्या दगडाच्या भिंती. कुंडाच्या पायऱ्या.)

जयंत नारळीकर. कोल्हापुरात १९३८ साली जन्म, बनारसला बालपण, केंब्रिजला संशोधन. जगातलं कुठलंही विद्यापीठ त्यांना मिळालं असतं. ते भारतात परतले आणि १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. मधल्या अंगणात आर्यभट आहेत, गॅलिलिओ आहे, न्यूटन आहे, आइन्स्टाइन आहे, सगळे पुतळ्यांच्या रूपात एकाच चौकात जमलेले. नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ ला ते गेले.

त्यांची एक सवय मुलांमध्ये फार प्रसिद्ध होती. कुणी स्वाक्षरीसाठी वही पुढे केली की ते म्हणायचे, मला पोस्टकार्डवर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. किती साधी गोष्ट! सही हवी असेल तर आधी प्रश्न पडला पाहिजे.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आयुकात हीच प्रश्नांची जत्रा भरते. १९२८ साली याच तारखेला कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला शोध जाहीर केला. प्रकाश पदार्थातून विखुरताना त्यातल्या अगदी थोड्या किरणांचा रंग बदलतो, आणि त्या बदलावरून पदार्थाची ओळख पटते. दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. १९८७ पासून आपण हा दिवस साजरा करतो.

(दृश्य: शाळेच्या गणवेशातली मुलं. कागद, झाकणं, स्ट्रॉ. एक भोवरा फिरतो.)

या सुमारास आयुकाची दारं सगळ्यांना उघडतात. नेमका दिवस आणि वेळ संस्था जाहीर करते, ती बघूनच निघा. कारण गर्दी खूप असते. शाळांच्या चित्रकलेच्या, निबंधाच्या, प्रश्नमंजूषेच्या स्पर्धा असतात. व्याख्यानं असतात. आणि ‘पुलस्त्य’ असते. मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ही इमारत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या देणगीतून उभी राहिली. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा. नावाची पहिली दोन अक्षरं वाचा, म्हणजे ते का निवडलं ते कळेल. अरविंद गुप्ता यांनी इथंच टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून हजारो मुलांना विज्ञान शिकवलं. आगपेटीच्या काड्या, सायकलचा वॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या. महागडं साहित्य नाही म्हणून आमच्या शाळेत प्रयोग होत नाहीत, असं म्हणणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी इथं यावं.

अंधार पडला आणि आभाळ निरभ्र असलं की दुर्बिणी बाहेर येतात. रांग सरकत राहते. प्रत्येकाला मिळतात जेमतेम दहा-पंधरा सेकंद. चंद्रावरचे खड्डे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं माणूस दुर्बिणीवरून डोळा काढतं आणि आधी बोलतच नाही. नुसतं वर बघतं. मग मागच्याला म्हणतं, “बघा, बघा तुम्ही.”

(दृश्य: नारायणगावकडे जाणारा रस्ता. द्राक्षबागा. दूरवर पांढऱ्या तबकड्या.)

विज्ञान दिनाचा दुसरा मेळा पुण्याबाहेर, खोडदला. विद्यापीठाच्या आवारातच एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा. तिचे संस्थापक गोविंद स्वरूप यांनी खोडदला, नारायणगावजवळ, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटर परिसरात इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात मांडलेल्या. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी दोरांवर ताणलेली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. ही युक्ती आपल्या माणसांची. तीसही तबकड्यांनी टिपलेल्या लहरी एकत्र आणल्या की सगळी मिळून एकच प्रचंड दुर्बीण होते. २०२३ च्या जूनमध्ये विश्वात सतत घुमणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा माग जाहीर झाला, त्यात या दुर्बिणीने केलेली निरीक्षणं होती.

आणि त्या तबकड्यांच्या सावलीत फेब्रुवारीअखेर विज्ञान प्रदर्शन भरतं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, कुठून कुठून शाळा येतात. मुलं स्वतः केलेली मॉडेलं मांडून उभी असतात. ठिबक सिंचनाचं यंत्र, शेणापासून वायू, बिबट्या आला की वाजणारी घंटा. या भागात बिबट्या हा रोजचा प्रश्न आहे. मुलं तोच सोडवायला घेतात. एखादं मॉडेल ऐन परीक्षकांसमोर बंद पडतं, मग वायर दाताने सोलून पुन्हा जोडली जाते. मोबाइल मात्र इथं बंद ठेवायचा. कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलेल्या लहरी इतक्या क्षीण असतात की तुमच्या खिशातला फोन त्यांच्यापुढे आरडाओरडाच.

(दृश्य: पुन्हा विद्यापीठ. आता ऊन कडक. कँटीनमध्ये ताकाचे ग्लास.)

मार्च उजाडतो. आठ तारखेला महिला दिनाचे कार्यक्रम, ठिकठिकाणी. त्यांची पत्रकं फलकांवर लागतीलच.

मी थांबणार आहे दहा मार्चपाशी.

(दृश्य: सावित्रीबाईंचा पूर्णाकृती पुतळा. सकाळचा प्रकाश.)

या दिवसाला मोठा मंडप नसतो. १८९७ चाच मार्च. लाटसाहेबांच्या बंगल्यात रोषणाई झाली, त्याच्या साडेतीन महिने आधीची गोष्ट. तोच प्लेग, तेच पुणे. सावित्रीबाईंचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी गावाबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. शहाण्णवच्या दुष्काळात राबून थकलेल्या सावित्रीबाई, वय सहासष्ट, रुग्णांना तिथं आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतला एक मुलगा आजारी आहे असं कळलं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या.

२०१४ साली या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं.

दहा मार्चला सकाळी इथं या. कुणी हार घालतं, कुणी नुसतं हात जोडतं. अभ्यासिकेकडे निघालेल्या दोन मुली पुतळ्यापाशी सायकली लावतात. एक चपला काढते, खाली पडलेलं सावरीचं फूल उचलून पायाशी ठेवते. दुसरी घड्याळात बघते, “चल गं, जागा जाईल.” आणि दोघी जयकरच्या दिशेने निघतात.