भक्ती बर्वे : कानांत राहिलेली अभिनेत्री

श्रोतेहो, नमस्कार.

भक्ती बर्वे हे नाव घेतलं की 'ती फुलराणी' आठवते, आणि ती आधी ऐकू येते, दिसते मागाहून. रेडिओवरून त्यांच्याविषयी बोलताना मला फार आपलेपणा वाटतो, कारण त्या आपल्याच घरातल्या, आकाशवाणीच्या निवेदिका.

1948 साली सांगलीत जन्म, सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमध्ये बालनाट्यांतून सुरुवात. मग आकाशवाणी, आणि पुढे मुंबई दूरदर्शनवर बातम्या. बातम्या वाचायच्या म्हणजे जिभेवर सतत पहारा. 'श'चा 'स' होऊन चालत नाही, वाक्याचा शेवट गिळून चालत नाही.

अशा बाईच्या वाट्याला 1975 मध्ये 'ती फुलराणी' नाटकातली मंजुळा आली. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी उभी केलेली, फुलं विकणारी, फटकळ तोंडाची पोर. प्रोफेसर जहागीरदार, म्हणजे सतीश दुभाषी, तिला शुद्ध बोलायला शिकवतात. रांगडं बोलणं एक वेळ जमेल, शुद्ध बोलणं तर भक्तीबाईंच्या हातचा मळ. खरी परीक्षा मधल्या टप्प्याची. तिथे शब्द सुधारलेत, पण हेल जुनाच आहे. 'ण' नीट उमटावा म्हणून जीभ धडपडतेय. स्वच्छ उच्चाराचा इतका सराव असलेल्या नटीने तो उच्चार विसरायचा आणि प्रेक्षकांसमोर थोडा थोडा परत मिळवायचा! मला तरी मराठी रंगभूमीवर याहून अवघड वाचिक अभिनय आठवत नाही.

'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत घ्या. ते नुसतं चिडून म्हटलं तर चार ओळींत संपतं. भक्तीबाईंच्या तोंडी त्या रागाखालचा अपमान ऐकू येतो आणि त्याच्याही खाली एका गरीब मुलीचं स्वप्न. आजही शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत मुली तेच स्वगत निवडतात. बहुतेकींचा जोर रागावर असतो. मुलींनो, तो अपमानही ऐका.

पुढे 'आई रिटायर होते'मधली आई गाजली, 'जाने भी दो यारों'मधली शोभा हिंदी प्रेक्षकांनी पाहिली. पण दूरदर्शनच्या 'बहिणाबाई'चा उल्लेख मला मुद्दाम करायचा आहे. एकेकाळी जिथून प्रमाण मराठीत बातम्या दिल्या, त्याच पडद्यावर त्या खानदेशच्या बहिणाबाई झाल्या.

1990 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. जून 2000 मध्ये पुलं गेले. त्या काळात 'पुलं, फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम त्या करत होत्या. 12 फेब्रुवारी 2001 रोजी वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर अपघातात त्या गेल्या. वय अवघं बावन्न.

मंजुळा त्यानंतरही रंगमंचावर येत राहिली. अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा गुणी अभिनेत्रींनी ती केली. त्या प्रत्येकीला आधी प्रेक्षकांच्या कानांतल्या भक्ती बर्व्यांशी सामना करावा लागला.