चिकटलेलं सगळंच बांडगूळ नसतं

नमस्कार श्रोतेहो. आज बार्नॅकल, म्हणजे खडकांना, जहाजांना चिकटून राहणारा समुद्री जीव. दिसतो शिंपल्यासारखा, पण आहे कोळंबी-खेकड्यांच्या घराण्यातला.

याचं पिल्लू आधी पाण्यात पोहतं. शेवटच्या अवस्थेत खाणं बंद करतं आणि जागा शोधत फिरतं. पुढच्या दोन मिशांवर चक्क चालतं, चाचपतं, पसंत पडली जागा की सिमेंट सोडून डोकं चिकटवतं. डोकं खाली, पाय वर. पुन्हा सांगतो, डोकं खाली, पाय वर! मग पायांच्या पिसाऱ्यानं पाण्यातलं अन्न ओढत जन्म काढायचा. जागा लवकर मिळाली नाही, तर साठवलेली चरबी संपते आणि पिल्लूही.

हंपबॅक देवमाशावर बसणाऱ्या कोरोन्युला नावाच्या बार्नॅकलच्या कवचात खोबणी असतात. देवमाशाची कातडीच त्यांत वर ओढली जाते, म्हणून तो सहजी निघत नाही. पण तो देवमाशाचं रक्त पीत नाही, खातो पाण्यातलंच. आपण मात्र चिकटलेलं दिसलं की ‘बांडगूळ’ म्हणून मोकळे.

अहो, डार्विनसुद्धा फसला होता! 1835 साली चिलीच्या किनाऱ्यावर त्याला एका समुद्री गोगलगाईचा शंख मिळाला, भोकंच भोकं पडलेला. भोकांत टाचणीच्या डोक्याएवढे जीव, स्वतःचं कवच नसलेले बार्नॅकल. 1846 मध्ये तो त्यांचं वर्णन लिहायला बसला. तुलनेसाठी इतर बार्नॅकल मागवत गेला आणि छोट्याशा कामाला आठ वर्षं लागली. (शाळेत डार्विन म्हणजे फिंच पक्ष्यांच्या चोची, बस्स. ही आठ वर्षं कुणी शिकवत नाही!) बहुतेक बार्नॅकल एकाच देहात नर आणि मादी दोन्ही. पण 1848 मध्ये इब्ला नावाच्या बार्नॅकलची एक जात चिरली, तर नुसती मादी. नर कुठे? तिच्याच पिशवीत, अर्धे मांसात रुतलेले, इवलेसे नवरे! मग त्याला तिच्या जवळच्या गोतातली दुसरी जात आठवली. ती उभयलिंगी, म्हणजे नराची गरजच नाही. तिच्यावर चिकटलेले बारीक जीव त्यानं आधी परजीवी म्हणून सोडून दिले होते. पुन्हा भिंगाखाली घेतले. तेही नरच! जादाचे नर.

घरात इतकी वर्षं हेच चाललेलं. त्याच्या एका मुलानं म्हणे शेजारच्या गृहस्थांबद्दल विचारलं, ‘मग ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात?’

वेळ संपत आली, देवमाशाच्या अंगावर राहणाऱ्या उवा राहिल्याच. एवढंच सांगतो, त्यांना पोहता येत नाही. अंगाला अंग लागलं तरच दुसरा देवमासा मिळतो, म्हणून देवमाशाच्या पिल्लाला त्या बहुधा आईकडूनच मिळतात. नमस्कार.