गादीत भरलंय काय?

[दृश्य: पिंजण मशीन. कापसाचा फुफाटा.]

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत सांगलीच्या गादी कारखान्यांतून हा आवाज दिवसभर येत असतो. मशीनच्या तोंडातून आत जातोय तो गाठी झालेला, वर्षानुवर्षं अंगाखाली दबलेला कापूस. दातेरी रूळ त्याला सुटा करतात आणि पलीकडं पडतो तो हा असा, फुललेला. खाली साचलेली करडी धूळही बघून घ्या. कालपर्यंत ती कुणाच्या तरी उशाशी होती.

[दृश्य: भिंतीवरची धनुकली]

ही धनुकली, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, आता नुसती टांगलेली. या कारखान्यातल्या गादीवाल्या चाचांचे वडील ती खांद्यावर टाकून मिरज, तासगाव, पार पलूसपर्यंत फिरायचे. तातीचा, म्हणजे तिच्या ताणलेल्या दोरीचा आवाज गल्लीत आला की बायका जुन्या गाद्या अंगणात काढायच्या. नदाफ-पिंजारी घरांचा हा पिढीजात धंदा. मशीन आलं, फिरणं थांबलं आणि गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढू लागलं.

[दृश्य: कापसाचे तीन ढीग. चाचांचा हात.]

गादी घ्यायची तर या तीन ढिगांपाशी जरा थांबा.

पहिला देशी कापूस. आखूड धाग्याचा, हाताला खरबरीत. सूतगिरणीला लांब धागा लागतो, गादीला मात्र हाच बरा. खरबरीत तंतू एकमेकांवर सपाट बसत नाहीत, दबले तरी पुन्हा उठतात. चाचांनी मूठ आवळून सोडली, बघा. कापूस परत वर आला.

दुसरा सावरीचा. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात, त्यातला हा रेशमासारखा कापूस. उशीला याच्यासारखा नाही, पण गादीत भरला तर लवकर चेपतो.

आणि हा तिसरा, रंगीबेरंगी. कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेला माल. स्वस्त गादीत बऱ्याचदा हाच असतो. वरचं कापड फुलाफुलांचं असलं की आत हात घालायचं कुणाला सुचत नाही. घालावा. शिवणीचं एक टोक उसवून दाखवा म्हणावं. जो दाखवत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

[दृश्य: खोळीत कापूस भरताना. काठीचे फटके.]

आधी कोपरे. कोपरा रिकामा राहिला की गादी कडेनं ढासळते. मग थरावर थर आणि वरून काठी, म्हणजे कापूस सारखा पसरतो. सहा बाय तीनच्या गादीत 10-12 किलो सहज बसतो. तोंड शिवून झालं की दाभण. वरून खाली, खालून वर, वीतभर अंतरावर टाके. हा टाका कापसाला जागेवर धरून ठेवतो. टाके विरळ असतील तर सहा महिन्यांत मध्ये खड्डा आणि कडेला उंचवटे.

[दृश्य: गिऱ्हाईक आणि चाचा]

"चाचा, कंबर धरते ओ, फळीसारखी कडक भरा."

"काकी, फळीच पायजे तर गादी कशाला?"

चाचांचं म्हणणं डॉक्टरांच्या अभ्यासाशी जुळतं. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांवर स्पेनमध्ये झालेला अभ्यास 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. दुकानातच उताणं पडून बघा. कमरेखालून हात आरपार सहज गेला तर गादी कडक आहे, शिरेचना तर मऊ. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा रुतायला थोडी जागा लागते, त्यानं थोडी नरम घ्यावी.

फोमच्या दुकानात आमचा कॅमेरा गेला नाही, म्हणून थोडक्यात. कव्हरवरच्या 'ऑर्थो' या शब्दावर जाऊ नका, डेन्सिटी विचारा. म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. रोजच्या वापराला 32 च्या खाली नको, वजनदार माणसाला 40. डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक, असंही नाही. ती टिकण्याची खूण आहे.

[दृश्य: गच्चीवर उन्हात टाकलेल्या गाद्या]

कापसाची गादी ओल धरते, तिला ऊन दाखवावंच लागतं. हे नको असेल तर ती घेऊ नये. पण दोन-तीन वर्षांनी पिंजून तीच गादी पुन्हा नवी होते. बसलेला फोम पिंजता येत नाही, तो थेट कचऱ्यात जातो.

[दृश्य: पुरानंतरचा रस्ता, जुनं चित्रण]

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले होते. चाचांचा भिजलेला निम्मा माल रस्त्यावरच्या या ढिगात आहे. त्यांची मुलं नंतर दुसऱ्या कामाला लागली.

[दृश्य: टेप लावून पलंगाचं माप]

माप पलंगाच्या आतल्या चौकटीचं घ्यायचं, बाहेरच्या कडेचं नाही. पलंग आधीच उंच असेल तर चार इंचांची गादी पुरे. आठ इंच घातलीत की आजींचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, आणि रात्री उठताना धरायला कुणीतरी लागेल.