म्युनिकचे तीन सेकंद

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधला पुरुषांच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना ९ सप्टेंबरच्या रात्री पावणेबारा वाजता सुरू झाला, त्यामुळे निकाल लागेपर्यंत १० तारीख उजाडली होती. एका बाजूला १९३६ पासून ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरलेला अमेरिकेचा संघ होता, तर दुसऱ्या बाजूला त्या रात्री सुरुवातीपासून आघाडी टिकवून धरणारा सोव्हिएत संघ होता.

शेवटचे काही सेकंद उरलेले असताना सोव्हिएत संघ ४९-४८ असा एका गुणाने पुढे होता. अमेरिकेच्या डग कॉलिन्सने त्यांचा पास मध्येच अडवला आणि तो बास्केटकडे धावत सुटला. त्याला रोखताना झुराब साकांदेलिद्झेकडून फाउल झाला आणि कॉलिन्स बास्केटच्या खांबाजवळ जोरात आदळला. घड्याळात तीन सेकंद उरले होते. कॉलिन्स उठला आणि त्याने पहिला फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारी एका गुणाची मोकळी फेक, बास्केटमध्ये टाकला. दुसरा फ्री थ्रो घेत असतानाच गुण आणि घड्याळ सांभाळणाऱ्यांच्या टेबलावरचा भोंगा वाजला, तरीही चेंडू जाळीतून खाली आला. ५०-४९! अमेरिकेने त्या सामन्यात पहिल्यांदाच आघाडी घेतली होती.

तो भोंगा वाजला कशासाठी, यावरून वाद पेटला. आपण टाइमआउट (खेळ थोडा वेळ थांबवण्याची मुभा) आधीच मागितला होता, असे सोव्हिएत प्रशिक्षक व्लादिमीर कोंद्राशिन यांचे म्हणणे होते. त्या काळच्या नियमानुसार दुसरा फ्री थ्रो यशस्वी झाल्यानंतर टाइमआउट देता येत नव्हता. खेळ पुढे सुरू झाला, सोव्हिएत प्रशिक्षक टेबलाकडे धावले, आणि पंचांनी खेळ थांबवला तेव्हा घड्याळात एकच सेकंद होता.

तेवढ्यात आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे महासचिव विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि त्यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावण्यास सांगितले. चालू सामन्यात असा हस्तक्षेप करण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. आमच्या मते त्या रात्रीची सर्वांत मोठी चूक घड्याळाची नव्हतीच. वेळ दुरुस्त करण्याचे काम ज्यांचे होते, त्यांच्या हातून ते काढून घेतले गेले.

त्यानंतर जे घडले ते तर अधिकच क्लेशदायक होते. घड्याळ तीन सेकंदांवर आणण्याचे काम अजून चालूच होते, फलकावर पन्नास सेकंदांचा आकडा दिसत होता, आणि तशातच पंचांनी चेंडू सोव्हिएत खेळाडूच्या हाती दिला. पास फेकला गेला, भोंगा वाजला, आणि जिंकलो असे समजून अमेरिकेचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारू लागले. त्यांना पुन्हा मैदानात बोलावण्यात आले.

तिसऱ्या वेळी इवान येदेश्को मैदानाच्या टोकाच्या रेषेमागे (बेसलाइनमागे) उभा होता आणि त्याच्यासमोर उंचपुरा टॉम मॅकमिलन हात उंचावून होता. पंचाने केलेल्या हातवाऱ्याचा अर्थ मॅकमिलनने ‘मागे सर’ असा घेतला आणि तो मागे सरकला. येदेश्कोने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पास फेकला. अलेक्सांद्र बेलोवने तो दोन अमेरिकन खेळाडूंच्या मधून झेलला, दोघेही तोल जाऊन बाजूला पडले आणि मोकळ्या बेलोवने चेंडू बास्केटमध्ये घातला. ५१-५०.

ब्राझीलचे पंच रेनाटो रिगेट्टो यांनी गुणपत्रिकेवर सही करण्यास नकार दिला. अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली, आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत.

घड्याळाच्या बटणावरच्या माणसाच्या बोटाला थोडा वेळ लागतोच, आणि तो वेळ किती महाग पडतो हे १९९० च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये पुन्हा दिसले. सेकंदाचा एक दशांश भाग उरलेला असताना न्यूयॉर्कच्या निक्स संघाच्या ट्रेंट टकरने चेंडू झेलला, वळून नेम धरला आणि शिकागो बुल्सविरुद्ध विजयी तीन गुण मिळवले. एवढ्या वेळात हे सारे करणे माणसाच्या शरीराला शक्य नाही. घड्याळ उशिरा सुरू झाले होते. तो निकाल कायम राहिला, पण एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, पुढच्या मोसमापासून नियमच बदलला: ०.३ सेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर चेंडू झेलून नेम धरता येत नाही, हवेतल्या हवेतच तो बास्केटकडे वळवावा लागतो.

१९९९ मध्ये एनबीएने पंच मायकेल कोस्टाबिले यांनी तयार केलेली यंत्रणा स्वीकारली. तिच्यात पंचाजवळचा मायक्रोफोन शिट्टीचा आवाज टिपतो आणि घड्याळ तत्क्षणी थांबते; ते पुन्हा सुरू करण्याचे बटणही पंचाच्या कमरेच्या पट्ट्यावर असते, आणि आत फेकलेल्या चेंडूला मैदानातल्या खेळाडूचा हात लागताच तो ते दाबतो.